गुरुवारचा थाळा

बाळांनो, वाचता वाचता एक मैदान मनात आणा. गवत हिरवंगार, पण खरं नाही, प्लास्टिकचं. बुटाखाली ते करकरतं आणि उन्हात त्याला टायरसारखा वास येतो. गवत संपलं की चारी बाजूंना वाळू. दूर, वाळूच्या पार, अरबी वाळवंटातल्या अबकैकच्या तेलाच्या कारखान्याची ज्योत भर दिवसाही जळत असते. आता या गवतावर पाच दांडगे मुलगे शेजारी शेजारी वाकवून उभे करा, खांद्याजवळ खांदा, एकेक हात जमिनीला टेकलेला. हा तुमच्या शाळेतला फुटबॉल नव्हे. याचा चेंडू लांबट असतो आणि तो हातात घेऊन पळायचं असतं. पण हे पाच जण पळत नाहीत. त्यांतला मधला चेंडू आपल्या पायांमधून मागे देतो, आणि त्या क्षणी पाचांनी मिळून भिंत व्हायचं. समोरून तेवढेच दांडगे धावून येतात. मागे एक सडपातळ मुलगा चेंडू धरून उभा असतो, कुणाकडे फेकू म्हणून बघत. तुम्ही सावकाश एक, दोन, तीन, चार म्हणाल तेवढा वेळ भिंतीने टिकायचं. टिकली तर टाळ्या त्या मागच्या मुलाला. पडली तर भिंतीला बोल. आता तुम्हीच त्या भिंतीतले एक व्हा. शेजाऱ्याचा श्वास ऐकू येतो का? तो पुढे जाणार की थांबणार हे न बघता कळतं का? त्यावरच सगळं आहे. आणि आता मैदानाच्या कडेला पाण्याच्या पिंपापाशी उभा असलेला तो माणूस बघा. सगळ्यांची नजर चेंडूवर असते, हा एकटा त्या पाचांकडे बघतो आहे. त्याचं नाव कादिर.

कादिर त्या कॉलेजात खेळाच्या सामानाचा स्टोअरकीपर होता. हेल्मेटं, खांद्याचे पॅड, शिट्ट्या, चेंडूत हवा भरायचा पंप, सगळ्याच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. दाभोळच्या खाडीवरून तो इथे आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आणि त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांत त्याला लोक एवढंच विचारत आले होते, की अमकं कुठे आहे आणि तमकं किती उरलंय. म्हणून त्या मंगळवारी सराव संपल्यावर कोच नासिर त्याच्यापाशी आला, पेला भरून पाणी प्यायला, आणि मैदानाकडे बघत म्हणाला, "सदीक, मित्रा, तू रोज इथे उभा असतोस. तूच सांग, माझी लाइन, ही पाचांची भिंत, का फुटते?" तेव्हा दुसरा पेला भरणाऱ्या कादिरच्या हातातला नळ चालूच राहिला. पाणी पेल्यातून वाहून त्याच्या बुटात शिरलं. गार पाणी मोज्यातून बोटांपर्यंत पोहोचलं तरी तो नळाकडे बघतच राहिला. प्रश्नाने तो दचकला नव्हता. उत्तर आपल्याला माहीत आहे, या जाणिवेने दचकला होता.

"वजन बघितलं, वजन बरोबर आहे," कोच बोटांवर मोजत बोलत होता. अमेरिकेत शिकून आल्यावर त्याने हा खेळ इथे रुजवला होता, आणि संघाबद्दल तो स्वतःच्या घराबद्दल बोलावं तसा बोलायचा. "बूट नवीन दिले. व्यायाम वाढवला. गेल्या वर्षी हेच पाच जण होते. एक माणूस बदललेला नाही. आणि तीन आठवड्यांत तीन मॅच गेल्या. मी व्हिडिओ चाळीस वेळा पाहिला, कादिर. तल्हा. तल्हाची थाप उशिरा पडते." थाप म्हणजे काय तेही समजून घ्या. मैदानाभोवती आरडाओरडा वाढला की मागच्या मुलाचा आवाज पुढे पोहोचत नाही. मग मधल्याच्या डावीकडचा मुलगा मान वळवून मागे बघतो, खूण मिळाली की मधल्याच्या मांडीवर एक थाप मारतो, आणि चेंडू मागे जातो. पाचही जण त्या एका थापेवर उठायचे. मधला होता मिशाल, हुफूफच्या खजुराच्या बागांतला, बोलका आणि तापट. थाप मारणारा तल्हा. तल्हाचे आईवडील मुरुडकडचे, पण तो इथेच जन्मलेला, गावी चार वेळा गेला असेल तेवढाच. कॉलेजात परक्या देशाच्या मुलाला फीमाफी मिळे ती खेळाडू म्हणून. संघातून नाव कमी झालं की माफी गेली, आणि वडिलांची नोकरी वसंतातच सुटलेली होती. मग सामान बांधायचं आणि ज्याला आपण गाव म्हणतो त्या अनोळखी ठिकाणी जायचं. हे कोचला माहीत होतं, कादिरलाही होतं. "मुलगा चांगला आहे," कोच म्हणाला, "पण दुसरं कारण मला कुणी दाखवून देत नाही तोवर मी काय करू?" आणि त्याने कादिरकडे पाहिलं. कादिरने नळ बंद केला. "अल्लाह आलम, कोच," तो म्हणाला. देवालाच ठाऊक. कोचने मान हलवली आणि पेला परत पिंपावर ठेवून तो निघून गेला.

त्या दोन शब्दांची चव कादिरच्या तोंडात बसमध्ये राहिली, घरापर्यंत राहिली. खिडकीबाहेर वाळू होती, आणि वाळूत त्याला सारखा एक थाळा दिसत होता. तांब्याचा, आतून कल्हई केलेला, सहा माणसं मांडी घालून भोवती बसतील एवढा. त्याच्या बायकोबरोबर, फरहानाबरोबर, तिच्या माहेरून आलेला. काठावर ठिपक्याठिपक्यांनी तिच्या खालाचं, मावशीचं, नाव कोरलेलं, जुबेदा, आणि नावातल्या 'द'पाशी एक पोचा. दोन वर्षांपूर्वी लाइन नवीन होती तेव्हा एका गुरुवारी ही पाच मुलं स्टोअरबाहेर पाकिटं फोडून पाच दिशांना तोंडं करून खाताना कादिरने पाहिली होती. त्याला ते बघवलं नाही, इतकंच. पुढच्या गुरुवारी फरहानाने भात-मटण केलं, सोलकढीची बरणी भरली, आणि सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजनंतर स्टोअरच्या जमिनीवर थाळा मांडला गेला. घरी एका थाळ्यात जेवायची या मुलांना सवय होतीच. फक्त इथे, कॉलेजात, परक्यांबरोबर ती कुणी आठवली नव्हती. सगळे बसेपर्यंत हात लावायचा नाही. आपल्या पुढ्यातलंच खायचं, चांगला तुकडा आला तर शेजाऱ्याकडे सरकवायचा. शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. पोरांनी त्यात आपला एक खेळ घातला. मैदानावर उभे राहतात त्याच क्रमाने बसायचे, आणि तल्हाने मिशालच्या मांडीवर थाप मारली की पाच हात एकदम भातात. दुआ, कादिरची लेक, तेव्हा सात वर्षांची. ती उलट्या बादलीवर बसून पंचगिरी करायची. "फाउल! मिशाल भैया का हाथ पहले गया!" मिशाल कान धरायचा. काठावरची अक्षरं त्याला तिनेच बोटाने वाचायला शिकवली. आठवडाभरात झालेली भांडणं त्या थाळ्यावर निघायची आणि तिथेच मिटायची, कारण उठून जाता येत नसे. उठायचं तर शेवटच्याचं व्हायला हवं, आणि शेवटचा नेहमी तल्हा असायचा, हाडं चोखत, सगळ्यांना ताटकळवत.

मग तो थाळा कार्गोत गेला. बायकामुलांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, दरमहा कर लागू झाला होता आणि वर्षावर्षाला वाढत होता. कादिरच्या बिल्डिंगीत एकेका मजल्याच्या गॅलरीतून लहान मुलांचे कपडे दिसेनासे झाले. शाळेत दुआच्या वर्गात बाकं रिकामी पडली. फरहाना आणि दुआचं फायनल एक्झिट, कायमचं परत जायचा शिक्का, लागलं, शनिवारचं विमान ठरलं, आणि त्याच्या महिनाभर आधी समुद्रमार्गे जाणारा खोका भरायचा होता. कार्गोवाला म्हणाला, जड आणि सपाट असेल ते तळाशी टाका. कादिरने इकडेतिकडे बघितलं. त्या घरात थाळ्याइतकं जड आणि सपाट दुसरं काही नव्हतं. त्याने स्वतःच तो तळाशी ठेवला, वर गोधड्या दाबल्या, टेप मारली. हातून काही निसटलं असं त्या वेळी वाटलंच नाही. पुढच्या गुरुवारी भात-मटण तेच होतं, सोलकढी तीच, फक्त कागदाच्या पाच ताटल्या होत्या. "थाळा कुठेय?" मिशालने विचारलं. "कल्हईला दिलाय," कादिर म्हणाला. कल्हई म्हणजे काय ते मिशालला समजावून सांगताना त्याला जरा मजाही वाटली. अबकैकमध्येच काय, त्या अख्ख्या वाळवंटात कल्हईवाला नव्हता, हे ठाऊक असलेलं तिथे कुणी नव्हतं. खरं सांगायची त्याला भीती वाटत होती. गोदामांतली, दुकानांतली, काउंटरवरची कामं एकेक करून इथल्या मुलांना द्यायची असा काळ होता, आणि त्यात चूक काय, त्यांचाच देश. पण ऑफिसात काढायच्या माणसांची यादी तयार होत होती, आणि ज्यांची कुटुंबं परत निघाली त्यांची नावं वर चढत होती. हा तरी किती दिवस राहणार, असं म्हणून. दुआचं शिक्षण, गावच्या घराचं वरचं छप्पर, सगळं त्या कमरेच्या किल्ल्यांना टांगलेलं होतं. म्हणून थाळा कल्हईला गेला. आणि ताटली हातात उचलता येते, त्याला कोण काय करणार? पहिल्या गुरुवारी मिशाल ताटली घेऊन गाडीत एसी लावून बसला. दुसऱ्या गुरुवारी टोकाचा सुदानी मुलगा घरी घेऊन गेला. तिसऱ्या गुरुवारी मिशालचं आणि त्याचं कशावरून तरी वाजलं, आणि ते मिटायला जागाच उरली नाही. मैदानावर थाप आताही वेळेवरच पडायची. कादिर रोज बघत होता. थाप पडायची, आणि उरलेले तीन जण ती खरी की खोटी हे बघायला क्षणभर बाजूला नजर टाकायचे. तेवढ्यात भिंत फुटायची. चाळीस वेळा व्हिडिओ पाहणाऱ्याला हात दिसतो. ती नजर दिसायला पिंपापाशी उभं राहावं लागतं.

बुधवारी दुपारी घरी, कादिरकडून सगळं ऐकल्यावर, भिंतीवरचं घड्याळ उतरवताना फरहाना म्हणाली, "मग सांगून का नाही टाकलंत?" घड्याळाच्या जागी भिंतीवर पांढरा गोल राहिला होता. कादिर त्या गोलाकडे बघत म्हणाला, "काय सांगू? थाळ्यापायी मॅच हरताय म्हणून? हसतील मला."

"हसू देत. हसण्याने कुणाचं कॉलेज सुटत नाही."

"यादीत नाव जाईल माझं."

"तुमचं जाईल नाही तर तल्हाचं जाईल," ती म्हणाली. घड्याळ चादरीत गुंडाळून तिने बॅगेत ठेवलं. चादरीतूनही ते टिकटिकत होतं. "तुम्ही शनिवारनंतर काय खाणार, ते बघितलंत का?" तिने विचारलं तेव्हा तिचा आवाज बदललेला होता, आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. समोरच्या बिल्डिंगीवर एक धोतराएवढं मोठं बेडशीट वाळत होतं. ते वाऱ्याने फुगलं आणि त्याला रापण आठवली. लहानपणी, पहाटेच्या समुद्रावर, दोन्हीकडून दोर धरून उभी असलेली वीस-वीस माणसं, वाळूत रुतलेल्या टाचा, आणि पाण्यात दूर अर्धगोल पसरलेलं जाळं. वडील सगळ्यांत मागे. कुणी हुकूम देत नसे. दोरातूनच कळायचं कधी ओढायचं. एकदा, सात-आठ वर्षांचा असताना, हातात काटा रुतला म्हणून कादिरने दोर सोडला होता. त्याच्या छोट्या हातांनी दोराला काय फरक पडणार होता, पण पुढचा माणूस अडखळला, त्याच्या पुढचा गुडघ्यावर आला. कुणी रागावलं नाही. परत येताना ओल्या वाळूवर वडील एवढंच म्हणाले होते, "सोडायचा तर सांगून सोड रे बाबा. पुढच्याला वाटतं, आहेस तू." पस्तीस वर्षांनी ते वाक्य या गॅलरीत, या कोरड्या वाऱ्यात येऊन उभं राहिलं. त्याने हात पाहिला. काट्याची खूण कधीच गेली होती. पुढच्याला वाटतं, आहेस तू. उद्या सांगू, त्याने ठरवलं. गुरुवारी कोच स्टोअरवर येतोच, तेव्हा सांगू. आणि ठरवल्याबरोबर त्याला इतकं हलकं वाटलं, की जणू सांगूनच झालं.

गुरुवारी दुआ त्याच्याबरोबर आली. शाळेतून तिचा दाखला निघाला होता, आता तिला कुठे जायचं नव्हतं. फरहानाने मोठ्या डेगचीत शेवटचं भात-मटण भरून दिलं होतं. डेगची कॉलेजच्या एका ड्रायव्हरला द्यायची, ती न्यायची नव्हती. नमाज झाली. मुलं आली, हात धुतले, आणि एकेक ताटली उचलून एकेक कोपरा धरला. मिशाल दारातून गाडीकडे निघालाच होता. इतक्यात तल्हा आला. त्याच्या दोन्ही हातांत खांद्याचे पॅड होते, वर हेल्मेट, नीट पुसलेलं. तो उंबऱ्यावरच थांबला. "कादिरचाचा, हे जमा करायचंय," तो म्हणाला. "सही कुठे करू?" त्याच्या मागून कोच नासिर आला, मोबाइल खिशात टाकत. कादिरच्या कानात समुद्र वाजायला लागला. बोल, तो स्वतःला म्हणत होता, आता बोल. काहीतरी बोलायचं म्हणून मिशालच बोलला, हसत, नेहमीसारखा, दुआकडे बघत, "काय पंच? तुझा थाळा अजून कल्हईलाच?"

दुआने आधी त्याच्याकडे, मग बापाकडे पाहिलं. "अब्बा, थाळा तो कार्गो में गया ना?" ती म्हणाली. "आपने ही टेप लगाया था." कुणी काही बोलेना, म्हणून आपलं कुणाला कळलं नाही असं वाटून तिने कोचसाठी तेच इंग्रजीत सांगितलं, आणि पुढे जोडलं की आम्ही शनिवारी जाणार आहोत, मी आणि अम्मी, कायमचे.

मग कादिर बोलला. एकोणीस वर्षांची अरबी त्याच्या तोंडात अडखळत होती. थाळा, ताटल्या, गाडीतला एसी, ती बाजूला जाणारी नजर, सगळं उलटसुलट. "चूक तल्हाची नाही, कोच. थाप बरोबर पडते. बाकीचे तिघं थांबून बघतात. माझ्यामुळे. मी यांना एका ठिकाणी बसवायचं सोडलं, आणि सांगितलं नाही." कुणी हसलं नाही. सुदानी मुलाने हातातली ताटली हळूच बाकावर ठेवली. मिशाल स्वतःच्या बुटांकडे बघत होता. कोचने कादिरकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं कादिरला पुढे कितीतरी दिवस वाटत राहणार होतं.

"मंगळवारी विचारलं होतं मी तुला," कोच म्हणाला.

"हो."

"तल्हाचं नाव आज सकाळी संघातून गेलं. वरून सही झाली." त्याने हात वर केले आणि तसेच खाली सोडले. "खलास, सदीक."

पॅड हातात धरून तल्हा तसाच उभा होता, आत यावं की जावं हे न कळून, एवढा मोठा मुलगा. बाहेर ज्योतीचा तांबूस उजेड दाराच्या काचेवर हलत होता. कादिरला वाटलं, पुढे व्हावं, ते पॅड त्याच्या हातून घ्यावेत, निदान वजन तरी घ्यावं. पण घेतले की ते जमा झाले, रजिस्टरात चढले. त्याचे हात उठेनात. स्टोअरमध्ये आठ माणसं होती आणि एकाचाही श्वास दुसऱ्याशी जुळत नव्हता.

आणि दुआ? ती बादलीवरून उतरली. डेगचीचं मोठं पितळी झाकण तिने दोन्ही हातांनी ओढून काढलं, मूठ खाली करून जमिनीवर उलटं ठेवलं. ते डुगडुगायला लागलं तेव्हा मुठीभोवती तिने एक टॉवेल गोल करून बसवला. मग बाकावरची, खिडकीतली, मिशालच्या हातातली, अशा पाचही ताटल्या तिने एकेक करून आणल्या आणि त्या झाकणात पालथ्या केल्या. भाताचा एक ढीग झाला. मुलं कुणी न सांगता बसली, मैदानावरच्या क्रमाने, आणि मिशालच्या डावीकडे जागा सोडून. ती दारापाशी गेली. तल्हाच्या हातातले पॅड तिने घेतले नाहीत. तिला ते उचलले गेले नसतेच. तिने त्याची करंगळी धरली आणि ओढली. तो आला. पॅड मांडीशी ठेवून तो आपल्या जागी बसला, आणि त्याच्या शेजारी उरलेल्या वीतभर जागेत ती बसली. कुणी हात लावला नाही. सगळे तल्हाकडे बघत होते. तल्हा भाताकडे बघत होता, आणि त्याचा हात त्याच्या मांडीवरून हलत नव्हता. दुआने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने मान वळवून मागे, उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं, खूण घ्यावी तसं. कादिरने मान हलवली. तिने आपला छोटा पंजा उचलला आणि तल्हाच्या मांडीवर एक थाप मारली.